दक्षाची शिंगं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही सुदर्शननं आणून दिली. खताच्या कंपनीची हाय, वर ट्रॅक्टरचं चित्र. सुदर्शन माझा नातू, लातूरला गोदामात नोकरीला. आठ दिसाला येतो, शहाणपण शिकवतो, परत जातो. म्हणला, "आजी, तुला जे बोलायचं ते ह्यात लिहीत जा. घरात शांतता राहील." मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. पण मला बी पटलं. बोललं की भांडण होतं. लिहिलं की आपलं आपल्यापाशी.

एका पानात नऊच ओळी बसल्या. कंपनीनं कागद लहान काढलाय. शाई बी फिक्की हाय.

आज काम आलं. संगप्पा स्वतः आला, आमच्या उदगीरच्या मोंढ्याजवळचा किराणावाला. जातीनं लिंगायत, बोलण्यानं वकील. हातात लाल फडक्यात बांधलेला देव. त्यांच्या घरचा वीरभद्र, पितळेचा, हातभर उंच, पाच पिढ्यांचा. मानेपासून कमरेपर्यंत चीर गेली. तडा गेलेला देव पुजत न्हाईत. पाच मार्चला त्याच्या नातीचं, अक्षराचं लग्न. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिशी वीरभद्रापुढं गुग्गुळ काढत्यात, धूप पेटवलेली मडकी घेऊन वाजतगाजत. देव न्हाई तर गुग्गुळ न्हाई, गुग्गुळ न्हाई तर लग्न न्हाई.

"सरजाक्का," म्हणला, "हाच देव वितळवून नवा करायचा. ह्यातलं गुंजभर बाहेर जाऊ ने आणि बाहेरचं गुंजभर आत येऊ ने. दुसऱ्याच्या घरचं पितळ आमच्या देवात चालत न्हाई."

"आम्ही ओतारी हाव आप्पा, चोर न्हाई."

"माझा आजा म्हणायचा, ओतारी देवाचं नाक बी ठेवून घेतो. म्हणून तराजू मी आणणार. ओतायच्या आधी बी आणि नंतर बी."

आणू दे. किराणावाल्यानं मला तराजू शिकवावा, हे तेवढं ऐकायचं राहिलं होतं.

तो गेल्यावर उमाशंकर, माझा लेक, भट्टीपाशी बसून राहिला. मंग म्हणला, "माय, मागच्या साली लक्ष्मीची बोटं आली न्हाईत. दिवाळीत गणपतीची सोंड फुटली. हे बी बिघडलं तर मी भट्टी मोडतो. सुदर्शनच्या गोदामात वॉचमनची जागा हाय."

चार पिढ्यांची भट्टी. मी म्हणलं, "बिघडायला मी मेले का?"

लक्ष्मीच्या वेळी मेण खराब होतं. गणपतीच्या वेळी बल्ब बारका होता. माझ्या हाताला काही झालेलं न्हाई.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेण कढवलं, राळ घातली, गोडतेल घातलं. आमचं काम उलटं असतंय. आधी मेणाचा देव करायचा. त्यावर वारुळाची माती चढवायची. वाळवून भाजायची. मेण वितळून निघून जातं, आत देवाएवढी पोकळी राहती. तिच्यात पितळेचा रस ओतायचा. एकदाच. चुकलं तर परत पहिल्यापासून, आणि इथं परत करायला दिस न्हाईत.

पुनमला मेणाला हात लावू देत न्हाई. पुनम म्हणजे नातसून, सुदर्शनची बायको, मुखेडची. लग्नाला वरीस झालं. बाप ट्रॅक्टर दुरुस्त करतो. माहेरची अन्नपूर्णा आणली ती मुठीएवढी, भरीव, हातात घेतली की मनगट वाकतं. मी तव्हाच म्हणलं होतं, मुखेडच्या लोकांनी पितळ दिलं भरीव आणि पोरगी दिली पोकळ. मांडवातच म्हणलं होतं. सगळ्यांनी ऐकलं.

त्यात डावखुरी. भाकरी थापती ती बी उलटी फिरती. मला माझ्या सासूनं बारा वर्षं माती मळायला लावली, तव्हा मेण हातात दिलं. हिची अजून अकरा बाकी हायेत.

पंचाईत दक्षाच्या तोंडाची. जुन्या देवाच्या पायाशी दक्ष उभा हाय, पण पाच पिढ्यांनी चिंच लावून घासून त्याचं तोंड शेंगदाण्यागत केलंय. बघून करायला काही उरलंच न्हाई. पुनम माती चाळत होती, म्हणली, "दक्ष कोण व्हता आजी?"

सांगितलं. दक्ष महादेवाचा सासरा. जावई आवडला न्हाई, राख फासतो, मसणवट्यात बसतो म्हणून. यज्ञ मांडला, सगळ्या देवांना बोलावलं, लेकीला-जावयाला तेवढं टाळलं. लेकीचं नाव सती. तिला वाटलं बापाचं घर, बोलावणं कशाला लागतं. गेली बिनबोलावता. बापानं चारचौघांत नवऱ्याला शिव्या घातल्या, तिनं तिथंच आगीत उडी घेतली. महादेवानं जटा उपटून आपटली, तिच्यातून वीरभद्र निघाला. त्यानं यज्ञ मोडला आणि दक्षाचं मुंडकं उडवलं. मंग सगळे देव हातापाया पडले. महादेव म्हणला, जाऊ द्या, जोडा ह्याला परत. पण मुंडकं तर आगीत जळालेलं. म्हणून बोकडाचं लावलं. तव्हापासून दक्ष वीरभद्राच्या पायाशी बोकडाचं तोंड घेऊन हात जोडून उभा.

"आणि तिला कुणी जोडलं न्हाई का?"

"तिला पुढच्या जन्मी पार्वती केली. तुझ्या देवघरात बसलीय ती अन्नपूर्णा तीच."

"म्हंजे माझी अन्नपूर्णा दक्षाची लेक."

"नाती लावत बसू नको. शेण आण."

८ फेब्रुवारी, शनिवार

मेणाचा देव झाला. तलवार, ढाल, गळ्यातली मुंडमाळ, मागची प्रभावळ. दक्षाला बोकडाचं तोंड केलं, दोन शिंगं वळून लावली. मी शिंग उजवीकडं पीळ देऊन करते, माझ्या सासूची रीत.

तराजू लावला. वजनं बोटानंच ओळखते, बघावं लागत न्हाई. मेण भरलं पाचशे ऐंशी ग्रॅम. मेणाच्या आठपट पितळ लागतं. चार किलो सहाशे चाळीस. संगप्पाचा देव पाच किलोचा. वरचं पितळ ओतायच्या वाटंला आणि भट्टीत जळतंय त्याला. तंतोतंत. हा हिशोब शाळेतल्या मास्तरला येत न्हाई.

पुनम लई वेळ बघत उभी राहिली. मंग म्हणली, "आजी, बोकडाला शिंगं असत्यात ना?"

"असत्यात की. लावलीत. तुला दिसत न्हाईत का?"

"दिसत्यात," म्हणली.

हिला डोळं दिलेत कशाला देवानं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाटाखाली मेणाचे दोन बारके तुकडे पायाला चिकटले. पुनम झाडून काढत न्हाई नीट. बोलले तिला. ती खाली मान घालून ऐकून घेती आणि करायचं तेच करती. असली माणसं लई खोल असत्यात.

दुपारी डोळा लागला. उठले तर चार वाजलेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

संगप्पा मेण बघायला आला. लई चिकित्सा. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

मी म्हणलं, "तुम्ही लिंगायत मटणाचं नाव काढत न्हाई, आणि देवाच्या पायाशी बोकड बाळगता."

"आम्ही त्याला खात न्हाई, म्हणून तर तो पाच पिढ्या टिकलाय," म्हणला. मंग वाकून बघितलं. "सरजाक्का, शिंगं बाकी झकास. आणि ही प्रभावळ, मला वाटलं पातळ असंल. चांगली जाड हाय."

उमाशंकरकडं बघितलं मी. लेकानं मान फिरवली. घ्या. ज्याच्या घरात बसलो त्याला किंमत न्हाई, परक्याला कळती. परवा मला बी प्रभावळ जरा पातळ वाटली होती. गारव्यानं मेण फुगतं कधी कधी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माती चढवायला घेतली. पहिले तीन थर पाण्यागत पातळ, मोराच्या पिसानं लावायचे, मेणाला बोट लागू द्यायचं न्हाई. मंग शेणमातीचे जाड थर. आता देव मातीच्या आत गेला. आता महादेव आला तरी काही बदलता येत न्हाई.

१६ फेब्रुवारी, रविवार

सावलीत वाळतोय. आज पुनम भाकरी थापता थापता म्हणली, "आजी, वजन केल्यावर मेणात भर पडली तर काय होतं?"

"रस कमी पडतो. देव उलटा ओतत्यात, डोकं खाली, पाय वर. रस संपला की पाय येत न्हाईत. दक्ष बी कमरंपर्यंत राहील."

"मंग दुसरं पितळ घालता येतं का?"

मी परात तिच्यापुढून ओढली. "ऐक. माझ्या सासऱ्यानं औशाच्या एका घरच्या खंडोबात दुसऱ्याच्या समईचं पितळ घातलं. कमी पडलं म्हणून. त्या लोकांना कळलं, त्यांनी देव नदीत नेऊन टाकला. औशाच्या बाजूचं काम तव्हापासून बंद झालं ते आजतागायत बंद. ह्या घरात ते परत झालं तर हात तोडीन. कुणाचा बी."

तिची भाकरी तव्यावर जळाली. विचारायचं काय कारण होतं हिला? माझं वजन कधी चुकलेलं न्हाई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुनम परसात उभी राहून फोनवर बापाशी बोलत होती. मी चुलीपाशी. कान माझे चांगले हायेत.

म्हणली, "बाबा, तुम्ही मला दिलं म्हंजे ते माझंच हाय ना? मंग मी त्याचं काय बी करीन. तुम्ही रागवायचं न्हाई." मंग रडली. मंग म्हणली, "इथं कुणाला सांगता येत न्हाई."

एका वर्षात. मी तर पन्नास वर्षं ऐकून घेतलं सासूचं, फोन कुणाला होता तव्हा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

देवघर धुवायला घेतलं. माझी अन्नपूर्णा तिच्या जागी. अंगठ्याएवढी, पोकळ, पण माझ्या आईनं दिलेली. शेजारची जागा हातानं चाचपली. पुनमची अन्नपूर्णा न्हाई.

आता सगळं जुळलं. सामान न्यायला सुरुवात केली बाईनं. आधी माहेरचा देव हलवायचा, मंग आपण हलायचं. असंच करत्यात आजकालच्या. उमाशंकरला सांगितलं. तो म्हणला, "माय, सोमवारी ओतायचंय. सोमवारपर्यंत तोंड बंद ठेव. माझा हात थरथरला तर सगळं गेलं."

ठेवलं बंद. इथं लिहिलं. सुदर्शनला अजून कळवलं न्हाई.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साचा भाजला. मेण निथळून वाटीत घेतलं. एरवी थोडं जळतं, मातीत मुरतं, वाटी पाऊण भरती. आज काठोकाठ. माझी माती मेण पेत न्हाई, हे उमाशंकरला दाखवलं. त्यानं वाटी हातात घेतली, लई वेळ धरून ठेवली. मंग पुनमकडं बघितलं. ती कोळसे फोडत होती, तिनं मान वर केली न्हाई. चुलत्यापुतण्यांत वाटणी चाललीय असं तोंड दोघांचं.

संगप्पा तराजू घेऊन आला. देव तोलला. बरोबर पाच किलो. आमच्यात देव फोडायचा पहिला घाव मालकानं घालायचा. उमाशंकरनं हातोडा दिला. संगप्पानं तो वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. कपाळावरचं भस्म घामानं वाहायला लागलं. म्हणला, "सरजाक्का, नवा नीट न्हाई झाला तर हा बी गेला आणि तो बी."

"घाला आप्पा. देवाला लागत न्हाई, पितळेला लागतं."

घातला. तुकडे मुशीत, रस करायच्या मातीच्या भांड्यात, गेले. वर पंखा, खाली कोळसा. तासाभरानं रस पाझरला. संगप्पा मुशीच्या तोंडापासून हलला न्हाई. कोण काय काढून घेतो ह्याच्यावर त्याची नजर.

मळ वर यावा म्हणून टाकणखाराची पुडी रसात सोडत्यात. ते काम पुनमचं. फडक्यात बांधलेली पुडी तिनं चिमट्यानं आत सोडली. डब्बकन आवाज आला. खार एवढा वाजत न्हाई. घाबरून ज्यादा बांधला असंल. मी ओरडले, "मूठभर सांगितला होता, पोतं न्हाई." ती म्हणली, "चुकलं आजी."

मंग उमाशंकरनं मूस उचलली. त्या वेळी कुणी श्वास घेत न्हाई. रस साच्यात जायला लागला, बारीक शिट्टी वाजत. रस वर वर येतो, तसा आवाज बदलतो. मी आवाजावरच ओळखते. आता मान. आता कंबर. आता गुडघे. मूस रिकामी होत आली. पुनम माझ्या शेजारी उभी, तिनं माझा दंड धरलेला, नखं रुतलेली. मी हात झटकला न्हाई, कारण रस सांडला असता तर तिकडं बघायचं होतं.

साच्याच्या तोंडाशी रस आला आणि थांबला. काठोकाठ. मुशीत थेंब उरला न्हाई.

उमाशंकर खालीच बसला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साचा फोडला. पाय आले. दहाच्या दहा बोटं आली. दक्ष आला, हात जोडून. प्रभावळीला कुठं भोक न्हाई. उमाशंकरनं देवाला हात जोडले आणि मागं वळून पुनमला बी जोडल्यागत केलं. उन्हानं डोकं फिरलंय त्याचं.

देव माझ्या हातचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. लिहून ठेवते, कुणी म्हणणार तर न्हाईच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते सगळं लिहिते. हात दुखला तरी.

शिवरात्रीचा उपास सोडून संगप्पा आला. तराजू लावला. एका पारड्यात देव, ओतायच्या वाटंचं कापलेलं पितळ, कानस मारल्याचा कीस, झाडून काढलेला थेंबन् थेंब. दुसऱ्या पारड्यात पाच किलोचं माप. भट्टीत शंभरेक ग्रॅम जळतंच, म्हणजे देवाचं पारडं जरा वर राहायला पाहिजे. तो भांडायच्या तयारीनंच आला होता.

देवाचं पारडं खाली बसलं. ठक्कन.

त्यानं मापं बदलली. वर शंभर ठेवलं. परत खाली. दोनशे ठेवलं, तव्हा काटा मधे आला. पाच किलो दोनशे.

संगप्पाचं तोंड पांढरं पडलं. मंग त्यानं चप्पल काढली, हात जोडले. "देव वाढला," म्हणला. "सरजाक्का, आमचा देव वाढला." शेजारची नीलाबाई भिंतीवरून डोकावत होती, ती तिथूनच पाया पडली आणि गल्लीत सांगायला धावली. दाराशी पाच-सात माणसं जमली. कुणी म्हणलं नारळ आणा. उमाशंकर माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यात काय होतं ते मला दिसलं न्हाई, पण कळलं. जिथं देव वाढतो ती भट्टी मोडावी लागत न्हाई. मुखेडपासून माहूरपर्यंतचे लोक इथं आले असते.

मी देवाजवळ बसले. बोटं फिरवली. प्रभावळ जाड, माझ्या हातापेक्षा जाड. दक्षाच्या डोक्यावर आले. शिंग चाचपलं.

पीळ डावीकडं होता.

जन्मात मी डावीकडं पीळ दिलेला न्हाई. मंग एकेक बोटाला लागायला लागलं. पायाला चिकटलेले मेणाचे दोन तुकडे, ती माझी शिंगं होती. काठोकाठ वाटी. डब्बकन आवाज. देवघरातली रिकामी जागा. तिनं माझं काम दुपारी मी निजल्यावर दुरुस्त केलं, मेण वाढलं, माझं वजन खोटं पडलं, आणि कमी पडणाऱ्या पितळेला तिनं आपली अन्नपूर्णा घातली. पळून कुठंच चालली नव्हती. मीच कुठं बघत होते देव जाणे.

संगप्पा म्हणत होता, "कसं झालं म्हणायचं हे अक्का?"

गप्प बसायचं होतं, एवढंच. पण खोटा चमत्कार एकदा केला की दरसाल करावा लागतो. आणि शिंगं तिची आणि नाव देवाचं, हे मला जमणारं न्हाई.

"देव वाढत न्हाई आप्पा," मी म्हणलं. "पितळ वाढतं, कुणी घातलं तर. माझ्या नातसुनेची अन्नपूर्णा हाय ह्यात. मेणात माझी चूक झाली होती. तिनं ती भरून काढली."

पुनम भिंतीला टेकली. दारातली माणसं मागं सरली. संगप्पानं चप्पल पायात घातली.

"गुंजभर बी बाहेरचं नको म्हणलं होतं."

"म्हणलं होतंत."

"आमच्या पाच पिढ्यांनी ओताऱ्याच्या हातावर नजर ठेवली, काढून घेतो म्हणून. घालतो म्हणून कुणी ठेवली न्हाई." तराजू गोळा केला. देव तिथंच ठेवला. "मठाच्या स्वामींना विचारतो. ते न्हाई म्हणले तर नदीत टाका. आणि लग्न मोडलं तर मी परत येईन, तव्हा नीट बोलणार न्हाई."

गेला.

उमाशंकर म्हणला, "माय, गप्प बसली असतीस तर."

"तुला ठाऊक होतं?"

"प्रभावळ तुझ्या हातची न्हाई हे दिसत होतं. वजन त्याच्या आधी झालंय हे वाटी बघून कळलं. तिनं काय घातलं ते आत्ता कळलं."

"मंग बोलला काऊन न्हाईस?"

"तुझ्यापुढं बोलतंय कोण?"

पुनमला विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?" ती रडत नव्हती. म्हणली, "तुम्ही ऐकलं नसतं." आणि मंग म्हणली, "आजी, तुम्हाला दिसत न्हाई. तुम्ही वहीत ओळीवर ओळ लिहिता."

"तू माझी वही वाचलीस?"

"वाचायला ओळ तर लागली पाहिजे."

कागद लहान न्हाई म्हणायचा तर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निरोप न्हाई. देव लाल फडक्यात ओसरीवर. ना आमचा, ना त्यांचा.

नीलाबाईनं गल्लीत चमत्कार सांगितला होता, आता फसवणूक सांगून राहिली. दोन्ही वेळा तिला चहा कुणीतरी पाजलाच.

१ मार्च, शनिवार

निरोप न्हाई. गुग्गुळ मंगळवारी हाय. उमाशंकरनं गोदामात फोन लावला, जागा अजून हाय का म्हणून. मी ऐकत होते हे त्याला ठाऊक होतं.

सुदर्शन आला. बायकोला विचारलं, तू असं का केलंस. ती म्हणली, "आजीचा देव पायाविना आला असता तर आजी मेली असती." मी आतून म्हणलं, "मी एवढ्यानं मरत न्हाई." पण झोप लागली न्हाई हे खरं.

२ मार्च, रविवार

दुपारी रिक्षा थांबली. संगप्पा उतरला, त्याच्या मागं त्याची बायको गुरम्मा. मी उठले न्हाई. म्हणलं, नदीत टाकायचा असंल तर मीच टाकीन, तेवढं तरी मला करू द्या.

गुरम्मा ओसरीवर टेकली. लई मोठी बाई, दम लागलेला. पाणी पिली. मंग म्हणली, "आमचे हे दोन दिस स्वामींकडं हेलपाटे घालायलेत. स्वामी म्हणले, घरच्यांना विचारा. घरची म्हणजे मी. मला ह्यांनी विचारलंच नव्हतं."

संगप्पा उंबऱ्याकडं बघत उभा.

"मी विचारलं ह्यांना, आत कोण गेलंय? तर म्हणले अन्नपूर्णा. अन्नपूर्णा म्हणजे कोण? पार्वती. तिच्या आधी कोण? सती. दक्षाची लेक. बापाच्या यज्ञात बिनबोलावता गेली, बापानं बाहेरची म्हणून हाकललं, ती आगीत गेली. आता परत बिनबोलावता आगीत आली, त्याच दक्षासाठी. आणि हे म्हणत्यात बाहेरचं पितळ." नवऱ्याकडं वळली. "म्हणलं, तुमाला बोकडाचं तोंड लावून घ्यायचं असंल तर घ्या. मी देवातली लेक घरी घेऊन जाते."

संगप्पा हळूच म्हणला, "आता लावलंय की तिनं. कालपासनं."

मला हसू आलं, पण मी दाबलं.

गुरम्मानं पुनमला पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं, ओटीत खण, नारळ, लुगडं घातलं. म्हणली, "तुझा देव आमच्या देवात हाय, म्हणजे तू आमची माहेरवाशीण. मंगळवारी गुग्गुळाला यायचं. हे बोलावणं. त्या बोकडानं केलं नव्हतं, आम्ही करतो."

पुनम ओटीतल्या नारळाकडंच बघत बसली. मी म्हणलं, "येती म्हण की. तोंड हाय का न्हाई?"

"येते," म्हणली.

देव छातीशी धरून संगप्पा रिक्षात बसला. जाता जाता म्हणला, "सरजाक्का, दोनशे ग्रॅम आमच्याकडं जास्त आलंय. लिहून ठेवा."

"लिहिते," म्हणलं.

४ मार्च, मंगळवार

पुनम सकाळीच गेली, ते लुगडं नेसून. मुखेडहून तिचा बाप बी आलाय, तिकडंच गेला. हलगीचा आवाज इथपर्यंत येतो. मला बोलावणं होतं, मी गेले न्हाई. धुरात मला काय दिसणार.

उमाशंकरनं भट्टीतली राख काढली, फुटकी वीट काढून नवी बसवली. मोडायची वस्तू कुणी दुरुस्त करत न्हाई. म्हणला, "गुरुवारी तुला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय." मी म्हणलं, बघू. म्हणला, "बघण्यासाठीच."

मेणाची पेटी, सळया, मोराचं पीस, सगळं पुनमच्या खोलीत नेऊन ठेवलं. सांगायचं काय त्यात, पायाला लागलं की कळंल. अकरा वर्षं बाकी होती तिची. जाऊ द्या. उद्यापासून माती मी मळते, ती मला अंधारात बी येती. पण वजन मीच करणार, आणि ते सगळं झाल्यावर.

देवघरात तिची जागा रिकामी दिसंल, म्हणून माझी अन्नपूर्णा तिथं सरकवली. बारकी हाय, पोकळ हाय. सध्या चालवून घ्यावं.